बासष्ट ते शहाऐंशी

मिनेसोटात ऑर्विल टॉर्गरसननं बोअर मारला तेव्हाची वही:
पेन्सिल, ग्रीसचा अंगठा.
अडतीस फुटांपर्यंत पिवळी माती.
बासष्टपर्यंत निळी, चिवट.
मग कोरं.
शहाऐंशीला वाळू. पाणी गोड.

मॅरिट हे पडद्यावर चढवते.
हिमनदी गेली ती घर न आवरताच,
गोटे, गाळ, रेती
जिथं हातून सुटलं तिथं.
मॅरिट थर उचलते, खालून बघते,
दोन बोअरांच्या मधलं, कुणीच न पाहिलेलं,
अंदाजानं शिवून घेते.

पण इथं टाका बसत नाही.
त्या चोवीस फुटांत निळी माती फाटलेली असली
तर शेतातलं खत थेट गावाच्या नळाला.

ऑर्विल आता ब्याण्णवचा. कानात यंत्र.
दोनदा विचारावं लागतं.
"हां, तो बोअर," तो म्हणतो,
"सोल्वेग डबा घेऊन आली होती.
लग्न व्हायचं होतं अजून.
मशीन चालूच होतं."
आणि खिडकीबाहेर बघतो, बराच वेळ.

त्या रात्री मॅरिट
चोवीस फूट तसेच ठेवते, बिनरंगाचे.
कारणाच्या रकान्यात लिहिते:
खणणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे.
शेजारी नवा बोअर हवा.