कोपरा

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं छप्पर.
नागरी कोरतो, कन्नड कोरतो,
उर्दूही दोन-तीनदा, उजवीकडून.
हे मात्र नवीनच होतं.

अबीगाईलबाईंनी कागद आणला
औषधाच्या पिशवीत, चार घड्या घालून.
नवरा रहमीम दिघोडकर,
कॅम्पात पलटणीच्या दफ्तरात बत्तीस वर्षं.
म्हणाल्या, "मोनाप्पा, वाचू नकोस, नुसतं बघून काढ."
मला येतंय कुठं वाचायला.

परत आल्या तेव्हा दगडावर खडूच होता अजून.
बोटानं उजवीकडून चालत गेल्या
पार डाव्या टोकाला. थांबल्या.
"ह्याचा कोपरा कुठाय?"

कोपरा म्हणजे काय, तांदळाच्या कणीएवढा.
मी गोल केलता. गोल बरं दिसतंय.

"कोपरा असला तर एक.
कोपरा गेला तर दुसरा.
आमचा देव एक, असं लिहिलंय.
तू दुसराच बसवलास की रे."

मग स्टुलावर टेकून सांगत बसल्या.
जहाज फुटलं म्हणे नवगावच्या खडकावर,
किती पिढ्या झाल्या कोण जाणे.
मोशेचे पाच ग्रंथ, राजे, संदेष्टे,
सगळं खाऱ्या पाण्यात.
किनाऱ्याला लागली त्यांच्या तोंडात
एवढी एक ओळ.
तीच धरून घाणा फिरवला, तेल काढलं.
का ते विसरले,
शनिवारी बैल जुंपायचा नाही, हे नाही विसरले.

मी म्हटलं, तोंडातल्या ओळीला कोपरा कुठला?
हसल्या. "तो नंतर कळला,
कोचीनकडून कुणी शिकवायला आला तेव्हा.
पोथीत हे अक्षर मोठंच काढतात.
माणसं चुकतात म्हणून."

माझ्या बापानं मैलाचे दगड कोरले.
गावाचं नाव या लिपीत, मग खरवडून त्या लिपीत.
दगड तोच. मैलही तेवढेच.
त्याला कुणी विचारलं नाही कोपऱ्याचं.

"खाली नाव कशात काढू?"
"आपल्याच की," म्हणाल्या.
मी नागरीचं सूत मारलं.
निघताना वळून,
"शनिवारी हात लावू नकोस ह्याला."

शनिवारी पाटे टाकवत बसलो.
पोतं पांघरून तो दगड भिंतीला उभा,
दोनदा छिन्नी तिकडं गेली, आवरली.

रविवारी कोपरा काढला. जरा मोठाच.
फुंकर मारली, अंगठा फिरवला.
टोचलं.