शिंगराला नाव

सीझन उतरला की टेबललँडवर वारा राहतो
आणि आमच्याकडे सात तोंडं.
बुलेट, सिमरन, बादशहा, दोन्ही चंद्रा,
एका डोळ्यानं आंधळी होत चाललेली शेवंता
आणि बिननावाचं शिंगरू.
नाव ठेवलं की विकवत नाही, म्हणते नसीमा.

कडब्याचा शेकडा ऐकून मी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा तोच आकडा.
म्हणून श्रावणाच्या तोंडाला
मेहुणा गफूर आणि मी, त्याच्या गाडीवर,
जमीन बघत पाचगणी उतरलो.
विकत जमली तर विकत, नाहीतर खंडानं,
थोडं चरायला, थोडं पेरायला.

वाईच्या अलीकडे एजंटानं दोन गुंठे दाखवले.
बोर्डावर उधळलेला पांढरा घोडा.
"इथं घोडं चरेल?" मी विचारलं.
"चाचा, चरायचं काय त्यात? हा व्ह्यू आहे."
कुंपणाला कण्हेर लावलेली, गुलाबी, दाट, कौतुकाची.
पसाभर पाला खाल्ला तर
अख्खं घोडं आडवं होतं.
मी नळावर हात धुतले आणि गाडीवर बसलो.

भुईंजकडं नुसता ऊस.
तिथं बांधावर खूर उमटला तरी
चार माणसं टेप घेऊन येतात.

एका गावात गायरान निघालं. सातबाऱ्यावर.
जागेवर मंगल कार्यालय, पुढं हिरवं लॉन.
"लॉन म्हणजे गवतच की," गफूर म्हणाला.
वॉचमन हसला. मग आम्ही हसलो.
मग त्यानं गेट लावलं.

चाळकेवाडीच्या सड्यावर गवत होतं,
घोट्याच्या वर, ओलं, माझ्याच डोळ्यांत पाणी आणणारं.
तेवढ्यात ढग सरकला, ऊन पडलं
आणि पवनचक्कीच्या पात्याची सावली
जमिनीवरून गेली, परत आली, परत गेली.
सिमरन स्वतःच्या सावलीला बुजते.
जागा कंपनीची आहे, हे रखवालदारानं
सांगायच्या आधीच मी मान हलवली.

पाचव्या दिवशी दहिवडीच्या पुढं टायर बसलं.
पंक्चरवाला म्हणाला, वरच्या अंगाला
गोजराबाई वीरकरांचं रान पडून आहे.
पोरं गलाईला, एक कोइमतूरला, एक सेलमला,
सोनं वितळवतात.
इथल्या खडकाला कोण विचारतंय.

बाई दारात शेंगा फोडत होती.
मी आधी रानात गेलो, खाली बसलो,
एक काडी उपटून चावली.
मारवेल. गोड. बोटभरच, पण दाट.
मधे मधे कुसळी, अजून कोवळी.
मागं वळलो तर ती माझ्या तोंडाकडं बघत उभी.

"किती खातं एक?"
"रातंदिस."
"आन् टाकतं किती?"
"त्याचंही तसंच."
ती पहिल्यांदा हसली.
"आठ एकर हाय. चराईचं पैसं थोडं द्या,
लीद समदी हितंच ऱ्हाऊ द्या.
खालची सव्वा एकर नांगरा, हुलगा टाका.
निम्मा तुमच्या जनावराला, निम्मा मला.
माझं दात गेलं, पन माडगं पिती मी."
गफूरनं कागदाचं काढलं.
"कागद कशाला? लीद मोजायला?"
मग शेंगांची टोपली उचलताना, जाता जाता,
"कुसळी पिकायच्या आत वर न्या त्यास्नी.
कुसळ जिभंत रुतलं की जनावर बोलत न्हाई,
नुसतं उपाशी उभं ऱ्हातं."

माझ्या बापानंतर हे वाक्य
मला कुणी सांगितलं नव्हतं.

टेकाडावर चढलो तेव्हा रेंज आली.
नसीमानं विचारलं, पाणी आहे का, सावली आहे का,
दवाखाना किती लांब, बाई कशी आहे, किती मागतेय.
मी म्हणालो, शिंगराला नाव ठेव.

पलीकडून बराच वेळ
फक्त कुणीतरी फुरफुरलेलं ऐकू आलं.
बहुतेक शेवंता.