टेकडी ६४६

"हे नव्हे," राडिवोय म्हणाला,
आणि तीन किलोंचा ग्रंथ
माझ्याकडे परत सरकवला,
पानातली नावडती भाजी कडेला सारावी तसा.

गोरिझियात माझं जुन्या पुस्तकांचं दुकान,
सरहद्द इथून चालत पाच मिनिटं.
तो पलीकडून येतो सायकलवर, दर गुरुवारी,
विजारीच्या पायाला कपड्यांचा चिमटा लावून.
चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले.
आकड्यावर विश्वास. विशेषण दिसलं
की चष्मा काढून पुसतो.

पहिल्या वर्षी मी त्याला सैन्यं दिली.
एक नदी, बारा लढाया, रंगीत बाण.
"यात नुसते सेनापती चालतात," म्हणाला,
"आणि एकाचाही पाय दुखत नाही."

मग डिव्हिजन. मग रेजिमेंट.
व्हिएन्नाहून मागवलेलं, गॉथिक लिपीतलं, वाळवीनं चाळलेलं.
मग बटालियनचा इतिहास, मिनिटामिनिटाचा:
पाच वाजून दहा, टेकडी घेतली.
दुसऱ्या भाषेतल्या पुस्तकात
पाच वाजून दहा, टेकडी राखली.
तो दोन्ही उघडी ठेवून बसला,
शेजाऱ्यांच्या भांडणात पंच बसतो तसा.
आम्ही म्हणतो सान गाब्रिएले, ते म्हणतात श्काब्रिएल,
तोफांना नाव लागत नव्हतं.
त्यांना ६४६ पुरे.

"अजून बारीक काही?"
किती कीस काढशील बाबा, मी म्हटलं.
तेव्हा एकदाच बोलला तो:
आजोबा खेचरं हाकायचे, पाण्याच्या पखालींची, रात्री.
त्या चुनखडीच्या डोंगरात थेंब नाही.
ते परत आले. म्हातारे झाले. गप्प राहिले.
फक्त पेला कधी काठोकाठ भरू दिला नाही कुणाला.
अर्धा. कायम अर्धा.

माझे पणजोबा त्याच सप्टेंबरात
खालच्या रस्त्यावर तोफेला गोळे पुरवत होते.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
गिऱ्हाईक आहे.

परवा आयडोव्शचिनाच्या एका पाद्र्याचं घर रिकामं झालं,
सात खोकी आली. प्रार्थना, मधमाश्या, प्रार्थना,
आणि तळाशी पुठ्ठा नसलेली चोपडी,
पुरवठा तुकडीतल्या कुणा कारकुनानं
स्वतःच्या पैशानं छापलेली.
गवताच्या पेंढ्या, नाल, मीठ, कंदिलाचं तेल.
इतकं रुक्ष पुस्तक मी विकायला कधी ठेवलं नव्हतं.
त्याच्यासाठी बाजूला ठेवलं.

त्यानं उभ्याउभ्याच वाचलं.
एकतिसाव्या पानावर बोट थांबलं:
चार सप्टेंबर. पाणी वर. खेचरं गेली सहा, आली दोन.
पखाली गेल्या बारा, आल्या तीन, एक फाटकी.
हाकणारे गेले चार.
आणि पुढचा रकाना कोरा.

खेचरांची नोंद होती, कारण खेचर सरकारी.
मी काउंटरवरचं धूळ नसलेलं फडकं झटकलं.
बाहेर शाळा सुटली होती,
दोन भाषांत एकच शिवी देत पोरं पळत होती.

"किती?" त्यानं विचारलं.
बारा युरो, मी म्हटलं.
त्यानं घासाघीस केली. दहावर आणलं.
कारकुनाची चोपडी रुमालात बांधून
सायकलच्या कॅरियरला लावली,
दोनदा ओढून पाहिली गाठ.

वाटलं, संपलं.
दुकानाला एक शांत गुरुवार मिळेल आता.

पण काल पुन्हा चिमटा दारात.
"त्या पखाली भरल्या कुठल्या विहिरीवर,"
घाम पुसत तो म्हणाला,
"यावर कुणी काही लिहिलंय का?"

मी शिडी ओढली.
वरचा खण तोफखान्याचा आहे,
मी तो सहसा उघडत नाही.
"बघते," म्हटलं. "तू बस.
पाणी देऊ?"