किमतीचा रकाना

मार्केट यार्डातून आली होती मालन ऐवळे,
हळद निवडणारी. नखांपासून कोपरापर्यंत पिवळी.
म्हणाली, कुत्र्याला मारलंय. लिवून घ्या.

सांगलीत या टेबलामागं माझी तेवीस वर्षं गेली.
असं कुणी आलं की आम्ही चहा मागवायचो,
आपसात हसायचो,
चहा संपला की माणूस आपोआप उठायचा.
तेव्हाच्या कलमात जनावर दहा रुपयांपासून सुरू व्हायचं.
छळाचा दंडही तेवढाच, फार तर पन्नास.
एका गाडीवानाला तर मी
सुट्टे नाहीत म्हणून सोडून दिलेलं.

मालन उठेना.
चहावर साय धरली.

कुणाचं कुत्रं?
कुनाचं न्हाई. एकोणीस नंबर गोदामाचं.
म्हणजे मालक आहे.
मालकानंच पहार घातली की ओ.
रंग?
पिवळा.

नव्या कायद्यात जनावराची किंमत विचारत नाहीत.
साहेबांना पान दाखवलं,
त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं,
म्हणाले, घे मग.
पण संगणकाला हे कुणी कळवलं नव्हतं.
रकाना रिकामा ठेवला की पान पुढं सरकेना.
मी शून्य दाबलं.

काय लिवलंसा?
सांगितलं.
रोज बुडवून शून्य लिवाय आलो व्हय मी?

तुझा रोज किती, मी विचारलं.
चारशे.
चारशे लिहिलं. पान सरकलं.
बरोबर केलं की नाही,
अजून ठरवता येत नाही.
तिनं अंगठा उठवला तर निळ्या शाईत हळद मिसळून
हिरवा उमटला, एखाद्या पानासारखा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मगदुमांचा अहवाल आला.
कवटीला तडा, उजवीकडून. दोन बरगड्या.
वय अंदाजे आठ.
रंग: पांढरा.
मी फोन लावला, साहेब, चुकून दुसऱ्याचा कागद आला.
ते म्हणाले, नाही हो, कंपाउंडरनं धुतलं ना.
तीन बादल्या पाणी लागलं.

दुरुस्तीची नोंद केली,
एका शब्दाची. खाली सही.
मग मालनला फोन केला. कायद्यात तसं सांगायला लागतं असं नाही.
बराच वेळ ती बोलली नाही.
व्हय? म्हणाली एवढंच.
मागं चाळण्या चालू होत्या.