अकरा सेकंद

डुलुथच्या लाँड्रीत, शूटिंगच्या तिसऱ्या रात्री,
टॉवेलची घडी घालता घालता
म्हातारा ऑर्विल काहीतरी गुणगुणला.
स्क्रिप्टमध्ये नव्हतं.
मॅरिटनं हात वर केला : थांबवू नका.
आम्ही थंडीनं बधिर, आणि खूश.
अकरा सेकंद, बस.

एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं,
गाण्याचाही सातबारा असतो.
चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे,
रेकॉर्डवरचा गळा भलत्याच कंपनीच्या तिजोरीत.
शब्दवाल्याचे वारस चार,
त्यातले दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

रेकॉर्ड नकोच, मी म्हणालो, आपण गाऊन घेऊ.
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी टोव्हे आली,
माझ्या स्वयंपाकघरात गायली, फ्रिज बंद करून.
गळ्याचा प्रश्न सुटला.
घर नवं बांधलं खरं,
जमीन त्यांचीच.

नॅशव्हिलहून पत्र आलं, अतिशय सभ्य.
किती देशांत? किती वर्षं? थिएटर, की नुसते महोत्सव?
प्रसंगाचं वर्णन करावं.
मॅरिटनं लिहिलं :
एक माणूस टॉवेलच्या घड्या घालतो.
घरी त्याला आता एकच लागतो.
उत्तरात फक्त आकडा होता,
कॅमेऱ्याचं भाडं, व्हॅन आणि अठरा दिवसांचं सूप
यांच्या बेरजेहून मोठा.

मग मी एक जुनी चाल शोधली,
जिचे सगळे मालक मातीत गेलेत.
ऑर्विलला बोलावलं. हेडफोन लावून तो बसला
पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत.
चार टेक. ओठ पुढे, सूर मागे.
"हे नाही जमायचं," म्हणाला,
"ते एल्व्हाचं होतं. कपडे वाळत घालताना ती..."
आणि हेडफोनची वायर
नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

आता तिथं ड्रायरचा आवाज आहे.
मीच रेकॉर्ड केला, पहाटे, नाणी टाकून.
आत कुणाचं तरी बटण खडखडत होतं,
राहू दिलं.
ओठ हलतात, एवढंच.

महोत्सवात दिवे लागल्यावर
एका बाईनं विचारलं, तो काय म्हणत होता हो?
मॅरिट माझ्याकडे बघू लागली,
मी बुटांकडे.
दुसऱ्या रांगेतून ऑर्विल उठला,
खाकरला,
आणि आम्हालाच विचारलं,
"इथं चालेल का?"