सांधणी

चिंचोळी एमआयडीसी, शेड नंबर चार,
रात्रीचे पावणेदोन.
नायट्रोजन तीनदा आत सोडला, तीनदा ओढून काढला.
शिवलिंगप्पा व्हॉल्व्हवर हात ठेवून म्हणतो,
मॅडम, आता हवेचा घोटसुद्धा नाही आत.
मी म्हणते, चौथ्यांदा घ्या.

हवा राहिली की काय होतं ते मला ठाऊक आहे.
बोरॉनवाला रेणू परक्याकडे जातच नाही,
आपल्याच भावंडाला मिठी मारून बसतो,
आणि दहा दिवसांनी क्वालिटीवाले विचारतात,
हा दोन टक्क्यांचा कोण?

पॅलेडियम येतं कुलपातून, दोन सह्या घेऊन.
पिवळी पूड, तपकिरी बाटलीत.
वजन करताना पंखा बंद, श्वाससुद्धा तिरका.
शंभर किलोच्या घाण्याला साडेतीनशे ग्रॅम.
ते जातं आणि कार्बन-ब्रोमीनच्या मधे शिरतं.
भांडत नाही.
एक टोक एका हातात धरून थांबतं,
मग दुसरं येतं दुसऱ्या हातात,
क्षणभर दोन्ही त्याचीच असतात.
मग टोकाला टोक,
आणि हे मोकळं,
पुढच्या जोडीकडे.

आमचे नायना बीम सांधायचे.
पूर्व भागात, दत्तनगरच्या मागे,
ज्या कारखान्यात ताणा संपायचा तिथून पोरगा यायचा सायकलवर.
संपलेल्या बीमची दोन हजार चारशे टोकं,
नव्या बीमची दोन हजार चारशे.
मागाच्या पोटात मांडी घालून,
बोटांना राख,
आणि पीळ, पीळ, पीळ.
शेजारचे माग धडधडत असायचे, हा एकच गप्प,
नायनांची वाट बघत.
पोगु पोगुला दिला की झालं, म्हणायचे.
गाठ दिसली तर ती सांधणी नव्हे.

चादरीवर मोर यायचा. कोपऱ्यात मालकाचं लेबल.
नायनांची थोडी राख असेल कुठेतरी,
तीही पहिल्या धुण्यात जायची.

आमच्याकडे धुणं फार कडक.
कोळसा, सेलाइट, परत कोळसा.
दहा पीपीएमच्या वर ते औषधात सापडता कामा नये.
जोडायला लागतात सहा तास,
जोडणाऱ्याचा मागमूस काढायला अकरा.

मी बसवंतशी लग्न करते म्हटलं तेव्हा
घरभर एकच, आपल्यातला बघ, आपल्यातला.
काका तर तेलुगूतून मराठीत, मराठीतून तेलुगूत चिडत होते.
नायना भाकरी मोडत बसलेले.
खूप वेळाने म्हणाले,
सूत वेगळं आहे दोन्हीकडचं.
पीळ जास्त द्यावा लागेल.
बस. आणि शेंगाचटणीचा डबा पुढे ओढला.

मग गाठी मारायचं मशीन आलं,
दुपारच्या चहाआधी आख्खा बीम.
नायना अशोक चौकात बसू लागले,
त्यांच्यासारख्याच चौघांबरोबर.
आमच्या भाषेत काळं पडणं म्हणतात त्याला.
पॅलेडियमला हात द्यायला कुणी उरलं नाही
की ते स्वतःलाच धरतं, गोळा होतं,
रिॲक्टरच्या भिंतीला आरशासारखं चिकटतं,
काम बंद.
आम्ही ते खरवडून पिंपात भरतो.
गाडी येते, ग्रॅमवर हिशेब होतो,
त्यातलं बरंचसं पुन्हा पिवळं होऊन परतही येतं.
बोटांचं असं काही करणारी गाडी
दत्तनगरात मी पाहिली नाही.

साडेचार.
पट्टीवर थेंब टेकवते, दिव्याखाली धरते.
जुने दोन्ही ठिपके गेलेत.
वर एकटा, निळा, कधी नव्हता असा.

शिवलिंगप्पा डबा बांधता बांधता विचारतो, झालं?
माझं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासणं चाललंय,
हातमोज्यातून,
कधीपासून कोण जाणे.
अजून गाळायचंय, म्हणते मी.
कोळसा काढा.