नसलेल्या कोठाराची घरपट्टी

ओपल म्हणाली, "आधी जेवून घे, मग उघड."
पण पाकिटावर वकिलाचं नाव होतं,
आणि वकिलाचं पाकीट बंद असेपर्यंत
माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

लॉनी ग्रेड्सला मार्चमध्ये सुई देणार आहेत.
सत्तावीस वर्षांपूर्वी तुम्ही ज्युरीचे प्रमुख होता.
बारापैकी सात हयात आहेत, दोघांनी सही केली.
दयेच्या अर्जावर तुमचीही मिळेल का?

म्हटलं, माणूस चुकीचा पत्ता घेऊन आलाय.
मी जन्मात कधी दुसऱ्या बाजूला मत दिलं नाही.
अंगणातला झेंडा अंधार पडायच्या आत उतरवतो,
घडी घालताना जमिनीला लागू देत नाही.
कर कमी असावा, बंदूक साफ असावी,
आणि करावं तसं भरावं.
पाद्री बर्डी व्यासपीठावरून
राजाच्या हातातल्या तलवारीबद्दल बोलले,
तेव्हा पहिलं 'आमेन' माझं होतं.

आणि डार्ला रे पिकेट.
पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर बसायची. एकोणीस वर्षांची.
मुठीत सदतीस सेंट सापडले,
त्यालाच परत द्यायची मोड.
तो फोटो बारा हातांतून फिरला,
माझ्याकडे शेवटी आला,
म्हणून माझ्याकडेच राहिला जास्त वेळ.
क्षमेबद्दल कुणी बोलू लागलं की मी विचारतो,
ते सदतीस सेंट कुणी परत करायचे?

आता कोठाराचं सांगतो.
वीज पडून जळालं. राखसुद्धा उरली नाही,
पश्चिम ओक्लाहोमाचा वारा कुणाचं काही ठेवत नाही.
पण कौंटीच्या वहीत कोठार उभंच.
चार वर्षं मी नसलेल्या कोठाराची घरपट्टी भरली.
फोटो दिले, तर म्हणाले, फॉर्म चुकलाय.
शेवटी कचेरीतून एक पोरगा आला,
मोकळ्या गवतात उभा राहिला,
इकडे तिकडे बघितलं,
आणि लिहून गेला : 'स्थिती चांगली.'

आठवडाभर हसलो आम्ही.
ओपल जाता येता म्हणायची,
"कोठाराचं दार लावलंस का रे?"

वकिलानं सोबत जोडलेल्या कागदावर
तसाच गोल शिक्का आहे.
आज हसू आलं नाही.

आमचा कुत्रा वासरांच्या मागे लागला,
तेव्हा ओढ्यापलीकडे मीच त्याला घेऊन गेलो.
कुणाला पत्र पाठवलं नाही, काचेआड माणसं बसवली नाहीत.
त्याच्या तोंडाला रक्त होतं, ते मी पाहिलं होतं.

लॉनीच्या तोंडाचं मी काय पाहिलं?
शर्टाची कॉलर. उसना शर्ट, मानेला सैल.
खात्री होती मला. अजून आहे.
(हे लिहिताना हात थांबला, तेही लिहितो.)
तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, व्हेरा टीग रडायला लागली.
शाळेत स्वयंपाक करायची. पोराचा सामना होता त्या रात्री.
म्हणाली, "काय ते लिहा, मला घरी जाऊ द्या."
आणि मी लिहिलं : एकमताने.

हे कुणी विचारलं नाही,
मीही कुणाला सांगितलं नाही.
व्हेरा आता त्या सातांत नाही.

ओपलनं माझ्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं
आणि दिवा तसाच ठेवून झोपायला गेली.

खणात त्या दिवसाचं पेन आहे, कोर्टाचं.
चुकून खिशात आलं, परत करायचं राहिलं.
सरकारची वस्तू, माझ्यासारख्याला शोभत नाही.
पाकिटाच्या पाठीवर ओढून पाहिलं.
शाई कधीच वाळली आहे.
रेघ उमटत नाही,
कागदावर नुसती खाच पडते;
दिव्यासमोर तिरका धरला की दिसते,
सरळ धरला की नाही.

मी कितीतरी वेळ
तिरकाच धरून बसलो.